सरासरी बारा लाख

७ जानेवारी

डिंकी,

वर काय लिहायचं यातच दोन कागद फाडले. 'प्रिय' लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस असं वाटलं, आणि पूर्ण नाव लिहिलं तर ऑफिसच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. म्हणून बाबांनी ठेवलेलं नावच लिहिते. हाताला चेंडू चिकटतो म्हणून डिंकी.

आईचा गुडघा बरा आहे, हे तुला माहीतच असेल. तू दर रविवारी तिला फोन करतेस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसते. गेल्या रविवारी आई फोन ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "पेपर उलटा धरलायस." मी म्हटलं, कोड्याची उत्तरं खाली उलटी छापतात, ती बघत होते. आईला खोटं कळतं, फक्त ती प्रत्येक वेळी पावती फाडत नाही.

तू घर सोडून साडेतीन वर्षं झाली. तिकडच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून तू रमली आहेस असं आई सांगते. मुली तुला घाबरतात असंही सांगते. ऐकून बरं वाटलं. लहानपणी तू माझ्याशिवाय कुणालाच घाबरत नव्हतीस.

लिहायला कारण असं घडलं की मंगळवारी तुमची कॅप्टन माझ्या ऑफिसात आली होती. तिचे केस बरेच पांढरे झालेत. आता ती क्रिकेट मंडळाच्या समितीवर आहे. बायकांची स्पर्धा पुन्हा सुरू करायची का, हे समितीला ठरवायचंय. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या वर्षी आमचे सामने टीव्हीवर किती लोकांनी बघितले, त्याचे मूळ आकडे तुमच्याकडे असतील ना? त्या बारा लाखांच्या कागदाशिवाय कुणाकडे काहीच नाही. आणि तो कागद पुढे केला की सगळे माना हलवतात."

मी म्हटलं, "जुनी माहिती नव्या यंत्रणेत आलीच नाही. बघावं लागेल."

"बघा ना," ती म्हणाली. मग जाता जाता, "डिंकी कशी आहे?"

"मजेत," मी म्हटलं.

ते आकडे माझ्या कपाटात आहेत, डिंकी. खालच्या कप्प्यात, निळ्या फायलीत. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. आज एवढंच लिहिते.

ताई


२१ जानेवारी

डिंकी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालवाला दिसला की मी जिना उतरून खाली जाते. शेजारच्या काकू विचारतात, "कुणाचं लग्नबिग्न ठरतंय का?"

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालंय माझं, कुणी सहज म्हटलं "आकडे काय म्हणतात?" तरी कान गरम होतात. तर आता नीट सांगते.

मी काय काम करते हे तुला कधी धड सांगितलंच नाही. घरात सगळे म्हणायचे, "ताई टीव्हीत आहे." टीव्हीत वगैरे काही नाही, मी चौथ्या मजल्यावर बसते. देशातल्या काही निवडक घरांत टीव्हीला एक डबी लावलेली असते. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर एक बटण. बघायला बसलात की दाबायचं, उठलात की परत दाबायचं. त्यावरून पूर्ण देशाचा हिशेब मांडतात, आणि दर गुरुवारी सकाळी तो माझ्याकडे येतो. मिनिटामिनिटाचा. कुठल्या मिनिटाला लोक आले, कुठल्या मिनिटाला कंटाळून उठले. वाहिनी त्यावर ठरवते, सामने दाखवायचे हक्क घ्यायचे की नाही आणि घ्यायचे तर केवढ्याला.

तुमच्या स्पर्धेचे तीन वर्षांचे हक्क आमच्या वाहिनीकडे होते. तिसरं वर्ष संपलं आणि मंडळाशी पुढची बोलणी सुरू झाली. साहेबांनी मला आकडा काढायला सांगितला. मी काढला. अडतीस लाख. म्हणजे तुमचा कुठलाही सामना लावला, की खेळ चालू असताना सरासरी अडतीस लाख लोक समोर बसलेले. मी स्वतः तीन वेळा तपासला. मला आनंद झाला होता, हे मात्र खरं.

साहेब खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. "हे अडतीस कुठून आले?"

"खेळ चालू असतानाचे, साहेब. पुरुषांचेही आपण असेच काढतो."

"पुरुषांचे आपण जाहिरातदारांना दाखवतो. हे मंडळाला दाखवायचंय." मग हसून म्हणाले, "बाजारात गेल्यावर 'वा, काय ताजी भाजी आहे' असं कुणी म्हणतं का? शिळी आहे म्हणायचं, तेव्हा भाव उतरतो."

"पण साहेब..."

"खोटं लिहा असं मी कुठे म्हणतोय? कुठून कुठवर मोजायचं ते ठरवायचं आपल्या हातात असतं. तेवढंच करा."

मग मी तेवढंच केलं. सामन्यासाठी पाच तास राखून ठेवलेले असायचे. ते सगळे मोजले. आधीची बडबड धरली, नंतरची बडबड धरली. त्या वर्षी सहा सामन्यांत पावसानं खेळ थांबला होता. मैदानावर झाकणं घातलेली आणि पडद्यावर जुन्या सामन्यांचे तुकडे. ते रिकामे तासही धरले. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सामना पुन्हा दाखवायचे, तेव्हा कोण बघणार? ते पुनःप्रक्षेपण दुसरा सामना म्हणून सरासरीत घातलं. अडतीसचे तेरा झाले. एकही आकडा खोटा नाही. कुणीही यावं, तपासावं.

साहेब म्हणाले, "बघा, जमतं की."

वाटलं होतं, भाव जरा उतरेल, मंडळ कुरकुरेल आणि शेवटी आम्हीच हक्क घेऊ. पण तो कागद फुटला. दुसऱ्या वाहिन्यांनी वाचला, प्रायोजकांनी वाचला. शिळी भाजी म्हटल्यावर दुसरं कुणी कशाला हात लावतंय? आणि गंमत बघ, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या लोकांनी आमचाच कागद खरा मानला आणि म्हणाले, आपल्यालाही नको. बोली लावायच्या दिवशी एकही पाकीट आलं नाही. दोन महिन्यांत स्पर्धा गुंडाळली.

साहेब म्हणाले, "अरेरे. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

तू विचारशील, माझी बहीण त्या स्पर्धेत खेळते हे मी साहेबांना का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ते काम दुसऱ्याकडे गेलं असतं. आणि मला ते हवं होतं, कारण उपप्रमुखाची जागा रिकामी होती. ती मला मिळाली. काचेचं दार असलेली खोली आहे. आत एक झाड ठेवलंय, त्याला पाणी घालायला माणूस येतो.

वर्तमानपत्रात मथळा आला तो दिवस तुला आठवत असेलच. 'महिला क्रिकेटचे बारा वाजले'. तू सरावाहून आली होतीस, खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हतीस. स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "ताई, तू त्याच खात्यात आहेस ना? खरंच आम्हाला कुणी बघत नाही?"

तेव्हा मी भांडी पुसत होते. वळलेही नाही. म्हटलं, "आकड्यांना नाती कळत नाहीत, डिंकी. किती दिवस चेंडू अडवत बसणार आहेस? आमच्याकडे स्वागतकक्षात जागा आहे, सांगू का?"

बॅग तशीच खांद्यावर घेऊन खोलीत गेलीस. महिन्याभरात घरातून गेलीस.

मी वळले नाही कारण माझा चेहरा तुला दाखवायचा नव्हता. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींतला फरक मला हल्ली कळायला लागलाय.

ताई


११ फेब्रुवारी

डिंकी,

तू नीट वाचलं असशील तर एक गोष्ट खटकली असेल. मी लिहिलं तेरा, आणि मथळा होता बाराचा. बाबा असते तर त्यांनी पहिल्या ओळीतच बोट ठेवलं असतं.

तेराचे बारा कसे झाले ते सांगते. अंतिम सामना काढून टाकला. तुमचा अंतिम सामना. तू शेवटच्या चेंडूवर यष्टिचित केलंस तो. साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, मीच सुचवलं. म्हटलं, "हा एकच सामना बाकीच्यांपेक्षा फार वर जातो, अपवाद म्हणून वगळता येतो." आमच्या धंद्यात तशी रीत आहे. साहेबांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. ते कौतुक मला आवडलं, डिंकी. एका लाखासाठी मी तुझा सगळ्यात मोठा दिवस खोडरबरानं पुसला, आणि वर शाबासकी घेतली.

आता बाबांचं. हे लिहायचं नव्हतं.

तो मथळा आला त्या दिवशी संध्याकाळी ते लाल पेन्सिल घेऊन बसले होते. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, त्यांना पेन्सिलीशिवाय वाचताच यायचं नाही. तू खोलीत दार लावून बसली होतीस. आई भाजी निवडत होती. बाबांनी 'बारा लाख' या शब्दांभोवती गोल केला आणि मला बोलावलं.

"यात पावसाचे तास धरलेत का गं?"

मी म्हटलं, "काय?"

"सहा सामन्यांत पाऊस पडला होता. मी इथेच बसलो होतो ना. दोन-दोन तास काही नव्हतं. आम्हीसुद्धा उठून चहा करत होतो. ते धरले असतील तर आकडा पडणारच. आणि सकाळी परत दाखवतात तेही यात घातलं का?"

चौथ्या मजल्यावर मी तीन दिवस बसून जे केलं होतं, ते त्यांनी आरामखुर्चीत बसून पाच मिनिटांत पकडलं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हटलं, "बाबा, ते फार किचकट असतं. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. म्हणाले, "असेल. छापलंय म्हणजे बघूनच छापलं असेल."

छापलेल्यावर जन्मभर विश्वास न ठेवलेला माणूस, डिंकी. पंचांगातल्यासुद्धा चुका काढायचे. पण सांगणारी मी होते ना. मी त्याच खात्यातली. मग आईला म्हणाले, "म्हणजे तू, मी आणि शेजारच्या काकू सोडून उरलेले कोण ते शोधायला पाहिजेत." आई हसली. मीही हसले.

त्यानंतर तुझे जुने सामने त्यांनी लावले नाहीत. आई म्हणाली, "लावा की, वेळ जाईल." ते म्हणाले, "राहू दे."

पुढच्या वर्षी ते इस्पितळात होते तेव्हा सकाळच्या पाळीला एक ठेंगणी नर्स यायची. एकदा सलाईन बदलता बदलता तिनं उशाशी ठेवलेला तुझा फोटो बघितला. "ही विकेटकीपर ना? तुमची कोण?"

"धाकटी," बाबा म्हणाले.

"अहो, तो शेवटचा चेंडू! आमच्या अख्ख्या वॉर्डनं बघितला होता. पेशंटसकट. एका आजोबांनी तर टाळ्या वाजवताना सुई उपटून घेतली, मला ओरडा बसला."

बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. नर्स गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, "ताई, बारा लाखांतली एक सापडली."

मी त्यांची उशी नीट केली. पाणी दिलं. तेव्हाही बोलले नाही. वाटलं, आता आजारी माणसाला कशाला त्रास? बघ, मला कुठल्याही वेळी कारण सापडतं. तेरा दिवसांनी ते गेले. तू आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. कारण तू बोलली असतीस तर मी सांगितलं असतं.

ताई


४ मार्च

डिंकी,

तुझी चिठ्ठी मिळाली. मी ती इतक्या वेळा वाचली आहे की आता कागद न बघता लिहू शकते:

"तिन्ही पत्रं वाचली. मला लिहून तुझं मन हलकं होत असेल. माझं होत नाही. कॅप्टनला लिही, खाली सही कर. बाबांचं त्यात घालू नकोस, ते आपल्या घरातलं आहे."

चिठ्ठी आली त्याच दिवशी मी फाइल काढून कॅप्टनकडे गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. नऊ दिवस गेले. पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते; एवढं सगळं कबूल केलं त्याचं काहीच नाही का? मग आईच्या औषधांचा विचार केला. मग निवृत्तीला किती वर्षं उरली ते मोजलं. मग म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडायची. आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण ही मूठ सव्वा लाखाची नव्हती, अडतीस लाखांची होती.

दहाव्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना आधी सांगावं असं वाटलं. इतकी वर्षं एकत्र काम केलं होतं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मूळ अहवालावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"माझी कुठे आहे का बघा बरं."

कुठेच नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं. साहेब म्हणाले, "मी तुम्हाला तोंडी काय म्हटलं ते मला आठवत नाही. भाजीबिजीचं काहीतरी म्हणालो असेन. तुम्ही विचार करून ठरवा." आणि फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागले, मी अजून समोर उभी असताना.

मी फाइल पिशवीत घातली आणि तिथूनच निघाले.

समितीची बैठक त्याच दिवशी मैदानावर प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या खोलीत होती. छत तिरकं आहे; एका बाजूला उभं राहिलं की डोकं लागतं. लांब टेबल, सात माणसं, पाण्याच्या बाटल्या. खिडकीतून रोलर फिरवणारा माणूस दिसत होता. कॅप्टन मधे बसली होती. मी दोन्ही तक्ते टेबलावर ठेवले.

एक वयस्क सभासद चष्मा पुसत म्हणाले, "बाई, म्हणजे अडतीस की बारा?"

सवयीनं मी सुरुवात केली, "तसं बघितलं तर दोन्ही आकडे आपापल्या जागी..." आणि थांबले. म्हटलं, "अडतीस."

"मग बारा कुणी केले?"

"मी."

कुणीतरी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?" मी साहेबांचं सांगितलं, पण तेही माझी सही दाखवूनच. अंतिम सामना काढायचं माझंच डोकं, हेही सांगितलं.

कॅप्टन तक्त्यावरून बोट फिरवत होती. "अंतिम सामना का काढला?"

"मोठा होता म्हणून."

तिनं बोट त्या ओळीवर ठेवलं. मग म्हणाली, "शेवटच्या षटकात किती होते?"

"एक कोटी बारा लाख."

तिनं ते पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही त्या दिवशी वर बघायचो तर अर्धं स्टँड रिकामं. मी पोरींना म्हटलं होतं, कुणी नसलं तरी आपण आपल्यासाठी खेळायचं." त्या चष्म्यावाल्या सभासदांनी तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

मी लेखी दिलं. सही केली, तारीख घातली. बाबांचं काही घातलं नाही.

बाहेर आले तेव्हा कॅप्टन मागून आली. मला वाटलं, बोलेल, रागावेल. ती एवढंच म्हणाली, "डिंकी त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती. विकेटकीपरची तीच वर्षं चांगली असतात." आणि आत गेली.

ताई


१९ मे

डिंकी,

हे सगळं तुला माझ्याआधी कळलं असेल, तरी सांगते. मंडळानं खरे आकडे जाहीर केले आणि हक्कांसाठी नव्यानं बोली मागवली. तीन पाकिटं आली. आमच्या वाहिनीचं नव्हतं. तिथे म्हणे आता सगळे कानांवर हात ठेवतात. एका लहान वाहिनीनं दोन वर्षांसाठी हक्क घेतले. आधी सहा संघ होते, आता चारच असतील. साहेब जागेवर आहेत. मला पहिल्या आठवड्यातच काढलं. झाड खोलीतच राहिलं.

आता मी घरी असते. दुपारी शेजारच्या काकूंच्या नातीला गणित शिकवते. ती सरासरी शिकतेय. कालच म्हणाली, "मावशी, शून्य पण मोजायचे का?" मी म्हटलं, "आधी विचार, ते शून्य कशाचं आहे." तिला कळलं नाही. मोठी झाल्यावर कळेल.

नव्या स्पर्धेच्या निवड शिबिरातल्या अठ्ठावीस जणींत तुझं नाव आहे, हे मी पेपरात वाचलं, सरळ धरून. गुडघे साथ देतायत का? तू तेहतिशीची आहेस आणि बाकीच्या विशी-बाविशीच्या, हेही वाचलं. तुझी चार वर्षं मी परत देऊ शकत नाही. दिली असं म्हणायचं धाडसही करणार नाही.

आईला मी सगळं सांगितलं. समितीचं तिला पेपरातून कळलंच होतं, पण बाबांचं कुणी सांगणार? तू म्हणालीस ते आपल्या घरातलं आहे, म्हणून घरातच सांगितलं. पावसाचे तास, नर्स, सगळं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "विचारलं होतं त्यांनी तुला." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि तू म्हणालीस, तुम्हाला कळायचं नाही."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. चहा ठेवलाय, दार लावून घे, एवढंच.

काल दुपारी मी ओटा पुसत होते. ती स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, "तो शेवटचा चेंडू. किती माणसं बघत होती म्हणालीस?"

"एक कोटी बारा लाख."

तिनं बोटांवर काहीतरी मोजून बघितलं, मग सोडून दिलं. "म्हणजे फार झाली."

"फारच."

मग तिनं विचारलं, "त्यात तू होतीस का?"

डिंकी, समितीत सात जणांसमोर मला इतका वेळ लागला नव्हता. त्या दिवशी मी ऑफिसात होते. पुरुषांच्या दौऱ्याचं सादरीकरण करत होते. भिंतीवरच्या टीव्हीवर तुमचा सामना चालू होता, आवाज बंद करून, आणि माझी त्याच्याकडे पाठ होती. मान वळवली असती तरी पुरलं असतं. सामना संपल्यावर तू मैदानातूनच फोन केलास. मागे पोरींचा गलका चालला होता. तू ओरडून विचारलंस, "ताई, बघितलंस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय! श्वास रोखून." मग चेंडू लेगस्टंपच्या बाहेर कसा गेला, तू कशी झेपावलीस, सगळं तुला सांगितलं. तू म्हणालीस, "अगदी तसंच झालं, ताई!" तसंच होणार, समोरच्या संगणकावर चेंडूगणिक वर्णन आलं होतं ते मी वाचून दाखवत होते.

आईला मी "नाही" म्हटलं.

ती उठली. ओट्याचा कोपरा मी पुसायचा विसरले होते, तो तिनं पदरानं पुसला. म्हणाली, "मग हेही लिहून टाक तिला." म्हणून लिहिलं.

ताई